एचआयव्हीची राष्ट्रीय योजना: पुढची लागण कुठे होणार आणि दहाव्या वर्षीची गोळी कोण देणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एचआयव्हीवर आता चांगली औषधं आहेत, तपासणीचा निकाल अर्ध्या तासात मिळतो, मग देशाला त्यासाठी वेगळी राष्ट्रीय योजना कशाला लागते? आणि एखादी योजना कामाची आहे की नुसती कागदावरची, हे ओळखायचं कसं?

मी आधी बरीच वर्षं एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीचे उपचार मिळतात तिथे, रुग्ण पाहिले आणि पुढे योजना आखणाऱ्यांच्या बैठकांना बसलो. दोन्हीकडचं पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. कुठल्याही योजनेला दोन प्रश्न विचारायचे. पुढची लागण कुठे होणार आहे, हे तिला ठाऊक आहे का? आणि आज ज्याने पहिली गोळी घेतली त्याला दहाव्या वर्षीची गोळी कोण, कुठून आणि कोणाच्या पैशाने देणार, हे तिच्यात लिहिलं आहे का?

वेगळी योजना लागते ती या आजाराच्या स्वभावामुळे. लागण झाल्यावर माणूस आठ-दहा वर्षं ठणठणीत दिसू शकतो, आणि त्या काळात त्याच्याकडून इतरांना लागण होत राहते. दुखत काहीच नसतं, त्यामुळे तो स्वतःहून दवाखान्यात येत नाही. लागण होते ती लैंगिक संबंधांतून, सुईतून, रक्तातून आणि आईकडून बाळाला. म्हणजे बहुतेक अशा गोष्टींतून, ज्यांबद्दल घरात आणि कचेरीत कोणी मोकळेपणाने बोलत नाही. आणि उपचार सुरू झाले की ते जन्मभर, एक दिवसही खंड न पडता चालावे लागतात. रुग्ण येईल तेव्हा पाहू, ही दवाखान्याची नेहमीची पद्धत इथे चालत नाही. आधी जाऊन शोधावं लागतं आणि नंतर आयुष्यभर धरून ठेवावं लागतं. हे काम एका आरोग्यखात्याच्या आवाक्यातलं नाही. त्यात पोलीस येतात, तुरुंग येतात, शाळा येतात, अर्थखातं येतं, न्यायालयं येतात.

२०२४ अखेरचा जागतिक हिशोब समोर ठेवा. सुमारे ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांतले ३ कोटी १६ लाख उपचारांवर होते. उरलेल्या ९२ लाखांना एक तर आपल्याला लागण आहे हेच माहीत नव्हतं, किंवा माहीत असून ते उपचारांपर्यंत पोचले नव्हते किंवा मध्येच निसटले होते. त्या एका वर्षात सुमारे १३ लाख नव्या लागणी झाल्या आणि ६ लाख ३० हजार माणसं गेली. २००४ च्या आसपास वर्षाला वीस लाखांहून जास्त माणसं जात होती. तेव्हा काम झालं आहे, पुष्कळ झालं आहे. पण उरलेलं काम जास्त अवघड आहे, कारण सहज पोचता येतील अशी माणसं बहुतेक पोचून झाली आहेत.

आता पहिला प्रश्न. पुढची लागण कुठे होणार?

जगात एचआयव्हीची एकच एक साथ नाही. आफ्रिकेच्या दक्षिण भागात ती घराघरात पसरलेली आहे आणि तरुण मुलींना सगळ्यात जास्त धोका आहे. आशियात बहुतेक ठिकाणी ती देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, त्यांचे ग्राहक, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी आणि टोचून नशा करणारे यांच्यात एकवटलेली आहे. पूर्व युरोप आणि मध्य आशियात सुई हे दीर्घकाळ मोठं कारण राहिलं. एका जागी जे चाललं ते दुसरीकडे जसंच्या तसं उचललं की पैसे चुकीच्या ठिकाणी जातात. मी असे आराखडे पाहिले आहेत ज्यांत सगळ्यात मोठी रक्कम सर्वसाधारण जनजागृतीच्या फलकांवर होती आणि जिथे खरोखर लागण होत होती त्या वस्त्यांसाठी एक परिच्छेद. असं होतं त्याला कारण आहे. फलक कोणाला अडचणीत आणत नाही. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसाठी पैसे मागायचे तर त्यांचं अस्तित्व सरकारी कागदावर मान्य करावं लागतं.

थायलंडचं उदाहरण म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. जून १९८९ च्या पाहणीत चियांग माईच्या वेश्यागृहांतल्या ४४ टक्के स्त्रियांना लागण झालेली आढळली. त्याच वर्षी राचबुरी प्रांतात एक प्रयोग सुरू झाला: प्रांतातल्या प्रत्येक वेश्यागृहात, अपवाद न करता, निरोध सक्तीचा. ‘अपवाद न करता’ हे त्यातलं मर्म. एका ठिकाणी निरोधाचा आग्रह धरला तर ग्राहक शेजारच्या दारी जातो आणि आग्रह धरणारी स्त्री उपाशी राहते. सगळीकडे एकच नियम असला की ग्राहकाला जायला दुसरं दारच उरत नाही. १९९१ मध्ये योजना देशभर लागू झाली, पंतप्रधान स्वतः एड्स समितीचे अध्यक्ष झाले, आणि तेव्हाचे मंत्री मेचाई वीरवैद्य यांच्यासारख्या माणसाने हा विषय उघडपणे दूरदर्शनवर आणि शाळांत नेला. तपासणीची युक्तीही साधी होती. गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या पुरुषाला विचारायचं, कुठे गेला होतास? गनोरिया झाला म्हणजे तिथे निरोध वापरला गेला नाही. त्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी माणूस पोचायचा. वर्षाला होणाऱ्या नव्या लागणींचा अंदाज १९९१ मधल्या सुमारे १ लाख ४३ हजारांवरून २००३ पर्यंत सुमारे १९ हजारांवर आला.

पण याच देशाने टोचून नशा करणाऱ्यांकडे मात्र पाठ फिरवली, त्यांना गुन्हेगारच मानलं, आणि त्यांच्यातलं लागणीचं प्रमाण वर्षानुवर्षं चढंच राहिलं. एकाच योजनेतलं हे यश आणि हे अपयश शेजारी शेजारी ठेवून पाहावं. औषधं, निरोध, पैसा, तज्ज्ञ सगळं तेच होतं. फरक एवढाच होता की एका गटाकडे योजनेने तोंड करून पाहिलं आणि दुसऱ्याकडे नाही.

नशेच्या बाबतीत काय करायचं हे वैद्यकाला माहीत आहे. स्वच्छ सुया द्यायच्या, वापरलेल्या परत घ्यायच्या, आणि अफूवर्गातल्या नशेसाठी मेथाडोन किंवा ब्यूप्रेनॉर्फिन तोंडावाटे द्यायचं, म्हणजे टोचायची गरजच कमी होते. अनेक युरोपीय देशांनी हे करून सुईतून होणारी लागण जवळपास थांबवली. रशियात मात्र मेथाडोनला आजही बंदी आहे. आणि जिथे खिशात सिरिंज सापडली की पोलीस धरतात, तिथे कोणी स्वतःची सिरिंज जवळ बाळगत नाही. अड्ड्यावर पडलेली उचलतो. म्हणून मी योजनेत आधी हे पाहतो की त्या पानावर गृहखात्याची सही आहे का. आरोग्यखात्याने सुई द्यायची आणि पोलिसांनी तीच पुरावा म्हणून जप्त करायची, असं चाललेलं मी पाहिलं आहे.

गट किती मोठा आहे, कुठे आहे, हे कळणार कसं? सरकारी पाहण्या लागतात: ठरावीक केंद्रांवरची रक्त तपासणी आणि वागणुकीची पाहणी. पण खरी माहिती त्या गटातल्या माणसांकडेच असते. एका नकाशा-बैठकीची आठवण अजून ताजी आहे. जमिनीवर मोठा कागद पसरला होता, त्यावर आम्ही आमच्या नोंदींतली ठिकाणं आधीच लाल रंगाने दाखवली होती. त्या वस्तीतल्या स्त्रिया भोवती बसल्या. पहिली काही मिनिटं कोणी बोललं नाही. मग एकीने पेन घेतलं आणि आमच्या एका ठिपक्यावर फुली मारली: “हे बंद होऊन दोन वर्षं झाली, साहेब.” मग तिने रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, एका गोदामाच्या मागे, नवा ठिपका काढला आणि शेजारी वेळ लिहिली: पहाटे चारनंतर. आमचे कार्यकर्ते संध्याकाळी सहाला घरी जात होते. त्या एका वेळेने आमचा सगळा आराखडा बदलला. भारतात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच पीअर एज्युकेटर, म्हणजे आपल्यासारख्याच इतर स्त्रियांना समजावणाऱ्या कार्यकर्त्या, म्हणून पुढे आणण्याचं जे काम १९९२ पासून कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी उभं केलं, त्यामागे हीच समज होती.

आता बचावाची नवी साधनं. प्रेप, म्हणजे लागण नसलेल्याने आधीच घ्यायचं औषध, २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोठा धोका असलेल्या सगळ्यांसाठी सुचवलं. रोजची गोळी विसरली जाते, लपवावी लागते. २०२४ मध्ये सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर या इंजेक्शनचे निष्कर्ष आले: दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. मी या क्षेत्रात इतकी वर्षं काढली, असा शून्य कधी पाहिला नव्हता. जेनेरिक कंपन्यांनी २०२७ पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरला देण्याचं जाहीर केलं आहे. आता प्रश्न तोच, पहिला: ते नेमकं कोणाला द्यायचं? सगळ्या देशाला टोचायला कधीच पुरणार नाही. ज्याच्याकडे तो पहाटे चारनंतरचा ठिपका आहे, त्याच देशाला त्याचा पुरेपूर फायदा होईल.

रक्ताबद्दल थोडक्यात. दान केलेली प्रत्येक पिशवी तपासणं आणि पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची प्रथा बंद करणं, एवढ्यावर लागणीचा हा मार्ग जवळजवळ बंद होतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदाते बंद झाले. हे ज्या योजनेत अजून अर्धवट आहे तिने आधी ते पुरं करावं.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. दहाव्या वर्षीची गोळी.

तुम्ही ‘९५-९५-९५’ हे उद्दिष्ट ऐकलं असेल. लागण असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांना ते माहीत असावं, त्यांतले ९५ टक्के उपचारांवर असावेत, आणि त्यांतल्या ९५ टक्क्यांच्या रक्तातला विषाणू दबलेला असावा. तिन्ही गुणले की सुमारे ८६ टक्के होतात. २०२४ मध्ये जग ८७-८९-९४ वर होतं. गुणाकार केला की ७३. शेवटचा आकडा बघा: जो गोळ्या घेतो त्याच्यासाठी औषध उत्तम चालतं. गळती आहे ती आधीच्या दोन सांध्यांत, माणूस आणि तपासणी यांच्यात, तपासणी आणि पहिली गोळी यांच्यात.

त्या दुसऱ्या सांध्यातलं भोक काही वर्षं आम्हीच पाडलं होतं, हे सांगायला हवं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सीडी४ पेशी, म्हणजे हा विषाणू ज्यांचा नाश करतो त्या रक्तातल्या संरक्षक पेशी, ठरावीक पातळीखाली गेल्याशिवाय औषध सुरू करायचं नाही: आधी २००, २०१० पासून ३५०, २०१३ पासून ५००. ज्याचा सीडी४ त्याहून वर, त्याला आम्ही सांगायचो, “तुमची तब्येत चांगली आहे, सहा महिन्यांनी या.” पुष्कळ जण आलेच नाहीत. आले ते स्ट्रेचरवर. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘एलएफयू’ लिहिलं जायचं, म्हणजे पाठपुराव्यातून निसटलेला. खरं तर निसटले नव्हते, आम्हीच परत पाठवले होते. २०१५ मध्ये स्टार्ट या मोठ्या चाचणीने लवकर उपचारांचा फायदा निर्विवाद दाखवला आणि त्याच वर्षी ‘तपासा आणि लगेच उपचार करा’ हे धोरण आलं. त्याआधी २०११ मध्येच एचपीटीएन ०५२ या चाचणीत दिसलं होतं की लागण असलेल्या जोडीदाराला लवकर उपचार दिले तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुढे हेही पक्कं झालं की रक्तात विषाणू सापडतच नसेल तर लैंगिक संबंधांतून तो पसरत नाही. हे वाक्य मी नव्या रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगतो. ते ऐकून मान वर होणारे चेहरे मी पाहिले आहेत.

तेव्हा आता नियम सोपा आहे: निदान होईल त्याच दिवशी, किंवा शक्य तितक्या लवकर, गोळी सुरू. पण म्हणून सीडी४ची यंत्रं मोडीत काढू नयेत, आणि बऱ्याच ठिकाणी हीच चूक झाली. ‘सगळ्यांनाच उपचार द्यायचे तर सीडी४ कशाला?’ असा हिशोब केला गेला. जो उशिरा आला आहे, ज्याचा सीडी४ २०० च्या खाली आहे, त्याला टीबी किंवा क्रिप्टोकॉकल (बुरशीमुळे होणारा) मेंदुज्वर आहे का हे आधी पाहावं लागतं, नाहीतर गोळ्या सुरू होऊनही तो पहिल्या काही महिन्यांत जातो. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा सगळ्यात मोठा मारेकरी आजही टीबी आहे. दोन्ही कार्यक्रम एकाच इमारतीत वेगवेगळ्या रांगा लावत असतील तर तो योजनेचा दोष समजावा.

पुरुष उशिरा येतात, हे जवळपास सगळ्या देशांत दिसतं. बाई गरोदरपणात तपासली जाते. पुरुषाला दवाखान्याशी गाठ घालणारा असा प्रसंगच येत नाही. घरी करायची तपासणी, कामाच्या जागी तपासणी, संध्याकाळी उघडं केंद्र, आणि संमती घेऊन, हळुवारपणे, जोडीदाराची तपासणी, एवढे चार उपाय त्यावर चालतात. केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘एड्स’ लिहिणं मात्र टाळावं.

औषधाच्या साठ्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण योजना प्रत्यक्षात मोडते ती बहुधा इथेच, आणि आराखड्यात याला सगळ्यात कमी पानं असतात.

आज बहुतेक प्रौढांसाठी एकच गोळी आहे: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र, आम्ही तिला टीएलडी म्हणतो. दिवसाला एक. २००१ च्या आधी तिहेरी औषधांचा खर्च माणशी वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने ३५० डॉलरचा देकार दिला आणि सगळं गणित पालटलं. त्याच वर्षीच्या जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा जाहीरनाम्याने सार्वजनिक आरोग्यासाठी पेटंटच्या नियमांना मुरड घालण्याचा देशांचा हक्क मान्य केला. टीएलडी आता वर्षाला ५० डॉलरच्याही खाली मिळते. म्हणजे गोळी महाग राहिलेली नाही. अडचण ती वेळेवर पोचण्याची आहे.

एक हिशोब करून पाहू. समजा, देशात १ लाख रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला महिन्याला ३० गोळ्यांची एक डबी लागते. महिन्याला १ लाख डब्या. निविदा, उत्पादन, वाहतूक, दर्जाची तपासणी मिळून समजा नऊ महिने जातात. म्हणजे आज मागवलेला माल नऊ महिन्यांनी येणार, तेव्हा रुग्ण किती असतील याचा अंदाज आजच बांधायला हवा. आता कोणीतरी चांगला निर्णय घेतं: स्थिर रुग्णांना महिन्याची नाही, तीन महिन्यांची औषधं एकदम द्यायची. रुग्णाचे हेलपाटे वाचतात, रोजगार बुडत नाही, केंद्रावरची गर्दी ओसरते. मी याचा कट्टर समर्थक आहे. पण परिपत्रक निघालं आणि सगळ्या केंद्रांनी त्याच महिन्यात अंमल केला, तर त्या महिन्यात १ लाखाऐवजी ३ लाख डब्या लागतात. कोठारात तेवढ्या नसतात. मग काही केंद्रं कोरडी पडतात, आणि चांगल्या निर्णयाची बदनामी होते. तेच रुग्णांचे तीन सारखे गट करून महिन्यामागून महिना एकेक गट बदलला, तर पहिल्या तीन महिन्यांत मिळून नेहमीच्या ३ लाखांऐवजी ४ लाख डब्या लागतात. जादा माल २ लाखांचा नाही, १ लाखाचा लागतो, आणि तो एकदाच. एवढा साधा हिशोब आराखड्याच्या परिशिष्टात असला पाहिजे. मी तो शोधतो, आणि बऱ्याचदा सापडत नाही.

डबीचीही एक गोष्ट. आमच्याकडे एक बाई यायच्या, गोळ्या चोख घ्यायच्या, तरी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, वाढायला लागला. समुपदेशक ताईंनी खोलीचं दार लावून घेतलं आणि विचारलं. बाईंनी पिशवीतून एक कागदाची पुडी काढली. डबी त्या बाहेरच टाकून देत होत्या, कारण चालताना गोळ्या डबीत खडखडतात आणि त्या आवाजाने सासरी विचारणा होईल अशी त्यांना भीती होती. पुडीतल्या गोळ्या पावसाळ्यात दमट व्हायच्या, काही फुटायच्या, त्या मग फेकून द्याव्या लागायच्या. ताईंनी त्यांना डबीचं लेबल सोलून दिलं, आतली ओलावा शोषणारी पुडी तशीच ठेवली आणि वर कापसाचा बोळा दाबून भरला. डबी हलवून दाखवली: आवाज नाही. पुढच्या तपासणीपर्यंत विषाणू पुन्हा दबला होता. औषध तेच, डॉक्टर तेच. हे समुपदेशकाचं काम आहे, आणि पैसे कमी पडले की आराखड्यातून पहिली कात्री समुपदेशकाच्या पगारालाच लागते.

पगारावरून पैशाकडे येतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली तेव्हा अनेक देशांना एक गोष्ट कळली, जी त्यांच्या योजनेत कुठेच लिहिलेली नव्हती. २००३ पासून पेपफार या अमेरिकी कार्यक्रमाने लाखोंचे प्राण वाचवले, यात शंका नाही. पण कित्येक ठिकाणी कोठारात गोळ्या होत्या आणि त्या रुग्णापर्यंत नेणारी, नोंद ठेवणारी, निसटलेल्याला फोन करणारी माणसं देणगीच्या पगारावर होती. ती एका रात्रीत घरी बसली. म्हणून योजनेत औषधांच्या यादीइतकीच दुसरी एक यादी हवी: कोणाचा पगार कोण देतो, आणि तो थांबला तर दुसऱ्या दिवशी कोण देणार. ब्राझीलने १९९६ मध्येच कायदा करून सगळ्यांना मोफत उपचार दिले, तेव्हा श्रीमंत देशांतले तज्ज्ञ हे परवडणार नाही म्हणत होते. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. खर्चाचा मोठा वाटा ज्यांनी स्वतः उचलला त्या देशांना २०२५ चा धक्का कमी बसला.

समित्यांच्या रचनेबद्दल फार लिहीत नाही. २००४ मध्ये ‘तीन एक’ हे तत्त्व मान्य झालं: देशात एक कृती आराखडा, एक समन्वय करणारी संस्था, एक देखरेखीची पद्धत. ते बरोबर आहे आणि तेवढं पुरे आहे. त्या एका संस्थेत एचआयव्हीसह जगणारी माणसं मतदानाच्या हक्काने बसतात की नुसत्या सत्काराला बोलावली जातात, एवढं पाहावं.

राज्यकर्त्यांनी विज्ञानाकडे पाठ फिरवली तर काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेने भोगलं. अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या काळात विषाणूमुळे एड्स होतो यावरच शंका घेतली गेली आणि औषधं लांबवली गेली. हार्वर्डच्या संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २००५ मध्ये त्यापायी ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले. जुलै २००२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने, ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन या रुग्णांच्याच चळवळीच्या याचिकेवर, गरोदर स्त्रियांना नेविरापिन हे बाळाची लागण टाळणारं औषध द्यायचा आदेश सरकारला दिला. आज त्याच देशात जगातला सगळ्यात मोठा एआरटी कार्यक्रम चालतो. कायदा हा योजनेचा कणा असतो तो असा. भारताचा २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, भेदभावाला मनाई करतो आणि संमती व गोपनीयतेला संरक्षण देतो. केंद्रावरच्या शेवटच्या कर्मचाऱ्याला तो माहीत आहे का, हे विचारून पाहावं.

आता लहान मुलं. इथे मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते. काही उपाय केला नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला वेळेवर उपचार मिळाले तर ती ५ टक्क्यांखाली, नीट झालं तर १ टक्क्याच्याही खाली येते. १९९४ पासून आपल्याला हे होऊ शकतं हे माहीत आहे. २०११ मध्ये मलावीने सीडी४ची यंत्रं पुरेशी नाहीत म्हणून ठरवलं की प्रत्येक लागण असलेल्या गरोदर स्त्रीला थेट जन्मभराचे उपचार द्यायचे. गरिबीतून काढलेली ती वाट पुढे जगाने घेतली. क्यूबाने २०१५ मध्ये आणि थायलंडने २०१६ मध्ये आईकडून बाळाला होणारी लागण संपवल्याचं प्रमाणपत्र मिळवलं. तरी २०२४ मध्ये लागण असलेल्या मुलांपैकी जेमतेम ५५ टक्के उपचारांवर होती.

हे का होतं ते त्या तपासणीतच दिसतं. बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडं दीड वर्षापर्यंत राहतात, म्हणून नेहमीची तपासणी त्याच्यावर चालत नाही, थेट विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी लागते. सहा आठवड्यांच्या बाळाची टाच टोचायची, जाड कागदाच्या वर्तुळांमध्ये रक्ताचे थेंब टिपायचे, कागद वाळवायचा आणि दूरच्या प्रयोगशाळेला पाठवायचा. निकाल येईपर्यंत कधी कधी महिने जातात, आणि उपचारांविना निम्मी बाळं दुसरा वाढदिवस पाहत नाहीत; मरणाचा जोर तर पहिल्या काही महिन्यांतच असतो. जवळच्या केंद्रावर त्याच दिवशी निकाल देणारी यंत्रं आता आहेत. म्हणून एखाद्या देशाची योजना हातात आली की मी आधी शेवटची पानं उघडतो, जिथे नोंदवहीचे नमुने जोडलेले असतात, आणि बाळांच्या नोंदवहीतले रकाने वाचतो. नमुना घेतल्याची तारीख असतेच. प्रयोगशाळेत पोचल्याचीही असते. निकाल आईच्या हाती पडल्याची तारीख आणि बाळाला पहिला डोस दिल्याची तारीख, हे दोन रकाने आहेत का, ते मी पाहतो.